ठाण्यातलं करिअर काउन्सेलिंग, 'पीएचडी करायचीय' म्हणणाऱ्या मुलीसाठी : ५ पैकी २ स्टार

आधी निकाल सांगते म्हणजे घाईतल्या लोकांना पुढे वाचायला नको. ५ पैकी २ स्टार. एक स्टार ॲप्टिट्यूड टेस्ट घेणाऱ्या मुलीला, ती खरंच छान बोलत होती, घाबरलेल्या पोरांना पाणीबिणी विचारत होती. दुसरा स्टार सरांनी नव्या चार वर्षांच्या डिग्रीबद्दल जे सांगितलं ते बरोबर होतं म्हणून. बाकी सगळा इंजिनिअरिंगच्या मुलांच्या मापाने शिवलेला ड्रेस आमच्या मुलीला घालून बघायचा प्रकार होता. सेंटरचं नाव लिहीत नाही, ठाणे वेस्टला स्टेशनपासून चालत जाता येतं एवढंच. असली सेंटर्स नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ढिगाने आहेत आणि ऐकीव माहितीवरून सगळीकडे साधारण हेच मिळतं.

पार्श्वभूमी अशी की माझी मावसबहीण ऐरोलीला राहते, बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत मॅथ्स आणि बायो दोन्ही, घेतलंय आणि दहावीपासून एकच धोशा, मला रिसर्च करायचाय, पीएचडीपर्यंत जायचंय, आधी ग्रॅज्युएशन कुठून करू ते सांगा. मावशीच्या ऑफिसात कुणीतरी हे सेंटर सुचवलं, साडेनऊ हजारांचं पॅकेज घेतलं आणि मला फोन, "अगं तू पण तेच करतेस ना, चल आमच्यासोबत, ते काय बोलतात ते आम्हाला कळायचं नाही." मी केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, मुंबईतच, बीएस्सी मात्र ठाणे जिल्ह्यातल्याच एका अनुदानित कॉलेजातून केलंय. तर डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिघी तिथे हजर. एसी मस्त, सोफा मस्त, भिंतीवर जेईई-नीटवाल्या मुलांचे फोटो.

टेस्ट टॅबवर होते, तासभर चालते. आकृत्या फिरवा, पुढचा आकडा ओळखा, 'तुम्हाला पार्टीत जायला आवडतं का' टाइप प्रश्न. मग अर्ध्या तासात रंगीत रिपोर्ट प्रिंट होऊन येतो, जाडजूड, स्पायरल बाइंडिंग वगैरे. त्यात एका पानावर लिहिलंय की मुलीला लोकांमध्ये मिसळून काम करायला आवडतं आणि दोन पानं उलटली की लिहिलंय की तिने एकटीने करता येतील अशी कामं निवडावीत. सुचवलेल्या करिअरमध्ये डेटा सायंटिस्ट, बायोटेक्नॉलॉजिस्ट, फॅशन मर्चंडायझर आणि शेवटी 'संशोधक'. संशोधकासमोर ब्रेनचं चित्र. माझ्या लॅबमध्ये सध्या सगळ्यात जास्त वेळ काचेची भांडी धुण्यात जातो त्यामुळे ते चित्र बघून मला हसू आवरेना, मावशीने चिमटा काढला.

मग सर आले. माणूस वाईट नाही हां, बोलायला गोड, पण त्यांच्या डोक्यात आधीच तीन प्लॅन तयार होते आणि पोरगी काय म्हणतेय त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. प्लॅन ए, इंजिनिअरिंग कर आणि मग 'रिसर्च साइडला' जा. प्लॅन बी, एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीएस्सी डेटा सायन्स, जिचं ब्रोशर योगायोगाने टेबलावरच होतं. आणि प्लॅन सी म्हणजे प्लेन बीएस्सी, हे म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी नापास झालंय. प्लॅन सीमध्ये त्यांनी कागदावर मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजांची यादी कट-ऑफच्या उतरत्या क्रमाने लिहून दिली, वर झेव्हियर्स, मग रुईया, मग बाकीची, सगळ्यात खाली ठाणे-वाशीची दोन-तीन, आणि म्हणाले जितकं वरचं मिळेल तितकं घ्यायचं. झालं काउन्सेलिंग. ही यादी रिक्षावालापण देईल.

ऐरोलीची मुलगी धोबी तलावाला रोज कशी जाणार हे एकदाही विचारलं नाही. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथे सकाळच्या फास्टमध्ये शिरायचं म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको, मग सीएसएमटी आणि पुढे चालत. येऊन-जाऊन दिवसाचे तीन-साडेतीन तास. प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरगी घरी येऊन जेवून झोपणार, वाचणार कधी? माझं स्पष्ट मत आहे की पीएचडीकडे जायचं असेल तर बीएस्सीच्या वर्षांत हाताशी मोकळा वेळ असणं हे कॉलेजच्या नावापेक्षा जास्त कामाला येतं, कारण सिलॅबसच्या बाहेरचं वाचणं, जॅम या एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी, कुठेतरी प्रोजेक्ट, हे सगळं त्याच वेळात होतं. माझ्या लॅबमधली मैत्रीण यावर माझ्याशी कडाकडा भांडते, तिचं म्हणणं मोठ्या कॉलेजात आजूबाजूची मुलं हुशार असतात, सिनिअर्स बाहेर गेलेले असतात, त्यांच्याकडून जे कळतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं. त्यातही तथ्य आहेच. दादरला किंवा माटुंग्याला घर असतं तर मीही रुईयाच म्हटलं असतं.

आता तो दुसरा स्टार कशाचा ते. सरांनी सांगितलं की नव्या धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं, आणि चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो. हे खरंय, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आहे. पण पुढचं वाक्य "चौथं वर्ष काय कुठेही होतं." नाही हो सर, होत नाही. चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत, नुसतं ऑनर्स आणि ऑनर्स विथ रिसर्च. रिसर्चवाल्याला पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, शिवाय त्या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त गाइड असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. आपल्याकडच्या किती कॉलेजांत एका विभागात असे दोन जण उरलेत? निम्मे लोक रिटायर झाले, जागा भरल्या नाहीत, तासिका तत्त्वावरचे सर-मॅडम बिचारे तीन कॉलेजांत धावत शिकवतात. मुलांना जीव तोडून शिकवतील पण वर्षभराचा प्रोजेक्ट कुठून घेणार आणि त्यांना त्याचे पैसे तरी कोण देतंय. त्यामुळे ॲडमिशनला गेलात की हा प्रश्न तिथे उभं राहून विचारा, तुमच्याकडे या विषयात रिसर्चचं चौथं वर्ष आहे का, गाइड किती आहेत, कायम किती आहेत. ऑफिसवाले वैतागतील, वैतागू देत.

यानंतर जे झालं त्याने माझं डोकंच फिरलं. मावशीने भीतभीत विचारलं की सर, पीएचडीला साधारण किती खर्च येतो. तर सर म्हणाले, "मॅडम, पाच-सहा वर्षांचा खर्च आहे, घरची तयारी पाहिजे." मावशीने तिथल्या तिथे माझ्याकडे बघितलं. अहो, सायन्समध्ये चांगल्या ठिकाणी पीएचडी करणाऱ्याला पैसे मिळतात! सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेतून जेआरएफ नावाची फेलोशिप मिळाली की २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. वेळेवर येत नाहीत ही गोष्ट वेगळी, कधीकधी महिनोन्‌महिने वाट बघायला लावतात आणि तोपर्यंत मित्रांकडून उसने घेऊन दिवस काढायचे, पण फी भरून पीएचडी करायचीय असं चित्र एका आईसमोर उभं करणं म्हणजे कमाल झाली. मी तिथे बोलले. सर म्हणाले, "हो हो, स्कॉलरशिप असतात काही काही."

आणि सगळ्यात मोठी चूक, ज्यासाठी मी तीन स्टार कापलेत. अख्ख्या सेशनमध्ये आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, हा शब्द आला नाही. असल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षा आयएटी आणि नेस्ट नाहीत, कालिनाचं सेंटर नाही. डिसेंबर महिना, पोरगी पीसीएमबीची, पीएचडी करायचीच म्हणतेय, यापेक्षा योग्य गिऱ्हाईक त्यांना मिळालं नसतं! यांचे फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या मागेपुढे निघतात आणि बहुतेकदा बोर्डाचा निकाल लागायच्या आतच मुदत संपते, म्हणजे निकालानंतर 'बघू' म्हणणाऱ्यांसाठी दार बंद.

तर सरांनी जे सांगितलं नाही ते मीच लिहिते, फुकट. देशात आयसर सात आहेत, पुण्याचं २००६ पासून आहे, पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेच्या शेजारी. पाच वर्षांचं बीएस-एमएस, म्हणजे पदवी आणि मास्टर्स एकत्र, ॲडमिशन आयएटी नावाच्या परीक्षेतून, तीन तास, ६० प्रश्न, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो प्रत्येकी १५. म्हणजे पीसीएमबीवाल्यांचा फायदा, ज्यांनी अकरावीतच बायो किंवा मॅथ्स सोडलंय त्यांचे तेवढे मार्क पाण्यात. बंगलोरच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या बीएस कोर्सलापण या परीक्षेचे मार्क चालतात. दुसरी परीक्षा नेस्ट, त्यातून भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था आणि आपल्या मुंबईतलं सीईबीएस हे बेसिक सायन्सचं सेंटर. हे सीईबीएस मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचं मिळून आहे, कालिना कॅम्पसमध्ये, २००७ ला सुरू झालं, पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी, आणि शिकवायला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) यांसारख्या ठिकाणची माणसं येतात. ठाणे-नवी मुंबईत इतके शिकलेले आईबाप आहेत पण दहातल्या नऊ जणांनी हे नाव ऐकलेलं नसतं. मावशीला भुवनेश्वर म्हटल्यावर घाम फुटला होता, कालिना म्हटल्यावर ती एकदम सरसावून बसली, कुर्ल्याला उतरून बसने जाता येतं ना मग काय.

अर्थात या परीक्षा काही सगळेच पास होणार नाहीत, जागा थोड्या आहेत, तेव्हा प्लेन बीएस्सीचा विचार नीट करून ठेवायलाच हवा, आणि तो आम्ही पुढच्या दोन आठवड्यांत स्वतःच केला. ठाणे, मुलुंड, वाशी या पट्ट्यातली कॉलेजं प्रत्यक्ष जाऊन बघितली. माझी एकच अट होती, ऑफिस आणि फुलझाडं नाही बघायची, लॅब बघायची, तीही प्रॅक्टिकल चालू असताना. काही ठिकाणी गेटवरूनच परत पाठवलं. एका ठिकाणी आत सोडलं तर केमिस्ट्री लॅबमध्ये टायट्रेशन चालू होतं, एका ब्युरेटमागे चार मुलं, एकजण नॉब फिरवतोय, एकजण फ्लास्क हलवतोय, दोघीजणी बाजूच्या टेबलवर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून घेताहेत. कोपऱ्यात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, होता, छान निळं कव्हर घातलेला, कव्हरवर धूळ. लॅब असिस्टंट काकांना विचारलं हा चालतो का, तर ते म्हणाले, "चालतो की ताई, कमिटी आली की चालवतो." काकांचा प्रामाणिकपणा मला सरांच्या रिपोर्टपेक्षा फार आवडला.

दुसऱ्या एका कॉलेजात इमारत जुनी, भिंतींना ओल, पण टीवायची एक मुलगी काळ्या कापडाने झाकलेल्या लाकडी खोक्यात डोकं घालून टीएलसी प्लेट (रिॲक्शन कुठवर आली ते हिच्यावरच्या ठिपक्यांवरून कळतं) बघत होती आणि बाहेर येऊन मॅडमना म्हणाली, "मॅडम, दोन स्पॉट येतायत, रिॲक्शन पूर्ण झाली नाहीये." मॅडम म्हणाल्या मग थांब अजून एक तास, लंच मागवू. बस्स, मी मावशीला म्हटलं हे कॉलेज. मुलीच्या हातून रिॲक्शन अडली आणि तिला ते कळलं, आणि मॅडमनी तिला घरी पाठवलं नाही. यादीत हे कॉलेज सरांनी सगळ्यात खाली लिहिलं होतं. त्या मॅडमशी बोलल्यावर कळलं की डीबीटी, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या, स्टार कॉलेज योजनेतून त्यांच्याकडे थोडी उपकरणं आलीत आणि त्या ती फर्स्ट इयरच्या पोरांनापण वापरायला देतात, फुटली तर फुटली. पुढे एमएस्सीला किंवा पीएचडीला शिफारसपत्र लागतं ना, ते असल्या मॅडमनी लिहिलेलं असावं, ज्यांनी तुम्हाला काम करताना बघितलंय. नव्वद मुलांच्या वर्गात हजेरीपुरतं तोंड बघणाऱ्या एचओडींचं पत्र कितीही मोठ्या लेटरहेडवर असलं तरी वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं.

मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषयाची, भानगडपण तिथेच विचारून घ्या. केमिस्ट्री मेजर घेतलं तर मायनरला मॅथ्स किंवा फिजिक्स मिळतंय का, की टाइमटेबल जुळत नाही म्हणून भलतंच काहीतरी गळ्यात मारतायत. फिजिक्सवाल्यांनी तर मॅथ्स सोडूच नये. आणि बायोटेक, आयटी वगैरे जे विनाअनुदानित कोर्स असतात त्यांची फी जास्त असते हे सगळ्यांना माहितीय, पण केंद्र सरकारच्या इन्स्पायर स्कॉलरशिपच्या विषयांच्या यादीत ते नाहीत हे कुणी सांगत नाही. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलात आणि बेसिक सायन्स घेतलंत तर त्या योजनेत वर्षाला ८०,००० रुपये आहेत, ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी. प्लेन बीएस्सीला नाकं मुरडणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

आणि नवी मुंबईकरांनो, तुमच्या दारात काय काय आहे ते सरांना माहीत नसलं तरी तुम्हाला माहीत असू दे. वाशीनंतर खाडी ओलांडली की पुढचं स्टेशन मानखुर्द, तिथे होमी भाभा सेंटर, विज्ञान ऑलिम्पियाडवालं. त्यांचा एनआययूएस नावाचा कार्यक्रम खास बीएस्सीच्या मुलांसाठीच आहे, सुट्टीत कॅम्प आणि मग निवडलेल्यांना शास्त्रज्ञांबरोबर प्रोजेक्ट. साध्या कॉलेजातून येणाऱ्याला यापेक्षा मोठी शिडी नाही, मी स्वतः त्यावर चढलेय. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक, कॅन्सरवर रिसर्च, तिथे पीएचडीपण होते. न्यू पनवेलला भूचुंबकत्व संस्था, आयआयजी. ही मूळची कुलाब्याच्या वेधशाळेची परंपरा, मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तर चुंबकीय रीडिंग बिघडणार म्हणून मोजणी अलिबागला नेली, १९०४ ला. अलिबागला इतक्या वेळा जाऊन मला हे आत्ता आत्ता कळलं. ऐरोलीचा पूल ओलांडला की पवई आयआयटी, ट्रॉम्बेला बीएआरसी. उन्हाळ्यात दोन महिने यातल्या कुठल्याही एका लॅबमध्ये काढले तरी पोरीला कळेल की तिला हे आयुष्यभर करायचंय की नाही. तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून एक समर फेलोशिप असते, तिचे फॉर्म दिवाळीच्या मागेपुढे निघतात, मागेच लागा.

आणि साध्या कॉलेजातून रस्ता बंद होतो ही भीती काढून टाका. बीएस्सीनंतर जॅम दिली की आयआयटींत एमएस्सी, किंवा आयआयएस्सीसारख्या ठिकाणी इंटिग्रेटेड पीएचडी (मास्टर्स आणि पीएचडी एकत्र), त्यालासुद्धा बीएस्सी पुरते. माझ्या लॅबमध्ये एकजण लातूरचा, एक जळगावची, मी कळव्याची. इंटरव्ह्यूला मला कॉलेजबद्दल अर्धा मिनिटसुद्धा विचारलं नाही, प्रोजेक्टमध्ये काय फसलं आणि मग तू काय केलंस यावर मात्र वीस मिनिटं घासलं.

आता राहिलं ते पॅकेजमधलं 'लाइफटाइम सपोर्ट'. म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो. रोज सकाळी सूर्यफुलाच्या फोटोवर सुविचार आणि दुपारी 'डायरेक्ट ॲडमिशन, लिमिटेड सीट्स'. दुसऱ्या सेशनची अपॉइंटमेंट मावशीने घेतलीच नाही, पैसे परत मागितले तर म्हणाले परत मिळत नाहीत पण धाकट्या भावाची टेस्ट फ्री करून देतो. धाकटा सातवीत आहे.

कुणी जावं? इंजिनिअरिंगची ब्रँच ठरत नसेल, कॅप राउंडचे ऑप्शन भरायला मदत हवी असेल तर जा, त्यात त्यांचा हात बसलेला आहे, शेजारच्या टेबलावर एका मुलाला ते फार व्यवस्थित समजावत होते. बेसिक सायन्स आणि पीएचडीवाल्यांनी ते साडेनऊ हजार वाचवावेत, आयएटी आणि नेस्ट दोन्हीचे फॉर्म भरावेत आणि उरलेल्या पैशांत ट्रेनचा पास काढून चार लॅब बघून याव्यात. आमचे फॉर्म भरून झालेत, ती आता सीईबीएसच्या जुन्या पेपरांत बुडालीय.

गेलातच तर गाडी नेऊ नका, पार्किंगची बोंब आहे. रिपोर्टची सॉफ्ट कॉपी आधीच मागून घ्या, नंतर द्यायला टाळाटाळ करतात. चहा चांगला होता.